मदत हवी आहे : लोंबोकमधील गावात भाडेपट्ट्याने घर घेण्याबाबत

लोंबोक बेटावर, रिंजानी ज्वालामुखीच्या दक्षिण उतारावरील तेतेबातू गावात, भातखाचरांना लागून असलेले एक जुने घर आम्हा पतिपत्नींना राहण्यासाठी २५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घ्यायचे आहे. इंडोनेशियाच्या १९६० च्या भूमी कायद्यानुसार परदेशी नागरिकाला ‘हाक मिलिक’, म्हणजे पूर्ण मालकी मिळत नाही, हे ठाऊक आहे. स्थानिक माणसाच्या नावावर जमीन घेण्याचा मार्ग कृपया सुचवू नये. परदेशी भांडवलाच्या कंपनीसाठी लागणारी १० अब्ज रुपियांहून अधिक गुंतवणूक आमच्या आवाक्याबाहेर आहे. निवास परवाना आहे.

खरी अडचण कागदपत्रांची आहे. जमिनीची नोंद भूमी कार्यालयात झालेली नाही. मालकाकडे दिवंगत वडिलांच्या नावाची, घड्यांवर विरलेली साऱ्याची जुनी पावती तेवढी आहे. वारस चार भावंडे असून त्यांपैकी एक मलेशियात कामाला आहे. गावप्रमुख दाखला द्यायला तयार आहेत आणि माताराम शहरातील एका नोटरींच्या मते करार लगेच करता येईल, पण पुढे भावंडांत वाद उद्भवल्यास हा करार कितपत टिकेल, याची आम्हाला काळजी वाटते.

असा व्यवहार केलेल्या जाणकारांनी कृपया सांगावे : आधी नोंदणी पूर्ण करून घेण्याचा आग्रह धरावा की सर्व वारसांच्या सह्यांचा करार पुरेसा ठरतो, आणि मलेशियातील भावाची संमती कोणत्या दस्ताने घ्यावी?