मदत हवी आहे: वानोळ्याला भाव कसा लावायचा? (बिबडे, कुरडया, लहान गोधड्या)

नमस्कार मंडळी,

मी चोपडा तालुक्यातल्या एका गावात राहते. होळी झाली की आमच्या गल्लीत बिबड्या-कुरडयांची कामं निघतात. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरवाशिणी येतात, परत जाताना प्रत्येकीच्या पिशवीत वानोळा, म्हणजे घरच्या वस्तूंची प्रेमाची भेट जाते. यंदा पुण्याच्या माझ्या नणंदेच्या सोसायटीतल्या चार जणींनी बिबडे विकत मागितले. "किलोला किती?" एवढंच विचारलं त्यांनी, आणि त्या एका प्रश्नावर मी पंधरा दिवस अडून बसले आहे.

ज्यांना बिबडे माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते, कारण माझी अडचण त्या कामातच आहे. ज्वारी सडायची (म्हणजे कांडून कोंडा काढायचा), तीन दिवस भिजत घालायची, निथळून जरा सुकवायची आणि दळून आणायची. पहाटे चारला चूल पेटते. मोठ्या पातेल्यात आधण ठेवून त्यात मीठ, तीळ, जिरं, ठेचलेला लसूण आणि मिरची घालायची आणि पीठ वैरून चाटूने हाटत राहायचं. हा घाटा. वाटीत घेऊन वर कच्चं तेल घातलं की पोरं अंथरुणातून उठून येतात. मग अंगणात खाटांवर जुनी लुगडी ओली करून पसरायची आणि ओल्या हाताने घाटा थापत जायचं. संध्याकाळी लुगडं उलटं करून पाणी शिंपडलं की बिबडा अलगद सुटून येतो. त्याच्या पाठीवर लुगड्याच्या विणीची बारीक जाळी उठलेली असते. दुसऱ्या दिवशी परत ऊन दाखवायचं.

अडचण अशी की घाटा गरम आहे तोवरच थापला जातो. गार झाला की आळतो, मग बिबडा जाड होतो आणि त्याला भेगा पडतात. म्हणून एकटीने हे काम होतच नाही, चार-पाच जणी लागतात. शेजारणी येतात, पैसे घेत नाहीत, कारण उद्या मी त्यांच्या अंगणात जाणार असते. पण मी ते विकणार असेन तर त्यांना फुकट कसं बोलवू? सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "वानोळा कोनी इकस का व?" (वानोळा कोणी विकतं का गं?) रागावून नाही म्हणाल्या, त्यांना खरंच नवल वाटलं. त्यांच्या हातचेच बिबडे लोक मागतात, त्यामुळे त्यांचं मन मोडून मला काही करायचं नाही.

मी केलेला हिशोब असा. 5 किलो ज्वारीचे 200 रुपये, तीळ-लसूण-मिरची-जिरं 150, दळण आणि सरपण 110. एकूण 460. चार बायांना अर्ध्या दिवसाचे 200 प्रमाणे 800. झाले 1260. वाळून जेमतेम 4 किलो माल हाती येतो, म्हणजे माझी स्वतःची मजुरी न धरताच किलोला 315 पडतात. बाजारात 240 ला मिळतात. बायांची मजुरी काढली तर मला 115 लाच पडतात आणि धंदा फार छान दिसतो, पण तसा हिशोब मांडायला हात धजत नाही.

दुसरी अडचण वाहतुकीची. मागच्या महिन्यात नमुना म्हणून 2 किलो ट्रॅव्हल्सच्या गाडीने पार्सल केले. पुण्यात पोचला तो निम्मा चुराच. नणंदेने चुरा तळून, वर कांदा टाकून घरी खाल्ला, पण गिऱ्हाइकाला असं कसं द्यायचं?

आणि गोधड्या. दुपारी रिकामा वेळ असतो तेव्हा मी बाळासाठीच्या लहान गोधड्या शिवते, तीन बाय चार फुटांच्या. आत मऊ सुती लुगड्याचे तीन थर आणि हाताचा धावदोरा. एकीला आठ-दहा दुपारी जातात. बघणाऱ्यांना आवडतात, पण जुनं कापड म्हटलं की हात मागे घेतात. ज्यांनी घरगुती वस्तू विकल्या आहेत त्यांनी कृपया अनुभव सांगा. खाण्याचे पदार्थ विकायला काय कागदपत्रं लागतात, तेही सांगा.

प्रतिसाद 1 (भुसावळ)

ताई, 240 चा भाव डोक्यातून काढा. तो बहुतेक यंत्रावरच्या मालाचा भाव आहे, तुमचा हाताने थापलेला आहे. मी कुरडया विकते. पहिल्या वर्षी बाजारभावाने दिल्या आणि शेवटी हातात काहीच उरलं नाही. आता मजुरी धरून भाव सांगते. काही जणी नाही म्हणतात, ज्या घेतात त्या दर वर्षी घेतात.

चुऱ्याचं म्हणाल तर उन्हातून काढल्या काढल्या बिबडे बांधू नका, तेव्हा ते फार कडक असतात. सावलीत गार होऊ द्या. पिशवीत मुळीच नको. पुठ्ठ्याच्या डब्यात थर लावा, मध्ये कागद घाला आणि डब्यात हलायला जागा ठेवू नका, वरची पोकळी कागदाच्या बोळ्यांनी भरा. आणि बिबडे लहान थापा, बशीएवढे. ताटलीएवढा बिबडा प्रवासात टिकत नाही.

प्रतिसाद 2 (धुळे)

कागदपत्रांचं सांगतो. घरून खाद्यपदार्थ विकायचे असले तरी एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी लागते. छोट्या व्यवसायासाठी साधी नोंदणी असते, ऑनलाइन होते, फोटो आणि ओळखपत्र जवळ ठेवा. 14 अंकी नंबर मिळतो, तो पाकिटावर छापायचा. त्यासोबत पदार्थाचं नाव, त्यात काय काय आहे, निव्वळ वजन, बनवल्याची तारीख, किती दिवसांत वापरायचं ते, तुमचं नाव-पत्ता आणि शाकाहारी असल्याची हिरवी खूण. बिबड्यांत तीळ असतात, ते ठळक लिहा, काहींना तिळाची अ‍ॅलर्जी असते.

गावात उमेदचा (सरकारच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचा) बचतगट असेल तर त्यातून करा. मुंबईत महालक्ष्मी सरस प्रदर्शन भरतं, तिथे गटांना स्टॉल मिळतात. तिथे खान्देशी मालापुढे गर्दी पाहिली आहे मी.

आणखी एक सुचवतो, केळीचे वेफर्सही ठेवा. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, नाव लोकांना ओळखीचं आहे.

प्रतिसाद 3 (नंदुरबार)

वेफर्स नका करू ताई, ते घरोघरी आणि दुकानोदुकानी आहेत. त्यापेक्षा आमच्याकडचे नागलीचे पापड जोडीला ठेवा, शहरात नाचणी म्हणून मागतात.

गोधडीसाठी माझा अनुभव: जुनं कापड लपवू नका, पण अनोळखी घरातलं लुगडं कोणी बाळाला पांघरणार नाही. त्यांच्याच आजीचं किंवा आईचं लुगडं मागवून घ्या आणि फक्त शिलाईचे पैसे घ्या. माझ्या बहिणीने आमच्या आईच्या दोन लुगड्यांची गोधडी शिवून घेतली. शिवणारीने काठ मधोमध ठेवला होता. आई जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. त्या गोधडीसाठी बहिणीने कितीही पैसे दिले असते.

लग्नसराईत रुखवताचीही कामं मिळतात. रुपयाएवढे बिबडे, रंगीत कुरडया, मण्यांचं तोरण. वजनाला कमी, दामाला बरी.

मूळ धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री सगळे प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवले. आजीच्या लुगड्याचं ऐकून त्या उठल्या आणि ट्रंकेतून त्यांच्या सासूचं हिरवं नऊवारी काढून माझ्या पुढ्यात ठेवलं. म्हणाल्या, पहिली याची शिव, नमुना म्हणून दाखवायला, हे मात्र विकायचं नाही.

बिबड्यांचं असं ठरलं आहे. आखाजीच्या वानोळ्याचे बिबडे नेहमीसारखेच होतील, तेव्हा शेजारणी येतील आणि मीही त्यांच्याकडे जाईन. विकायचा घाटा वेगळ्या दिवशी हाटायचा आणि त्या दिवशी येणारीला संध्याकाळी रोख 200 द्यायचे. भाव 400 सांगणार आहे, म्हणजे डबा धरून माझ्याही हाताला काही राहील. चारपैकी दोघींनी हो म्हटलं आहे. बशीएवढ्या बिबड्याला सासूबाई अजून तयार नाहीत, "तो बिबडा नाही, पापड झाला" म्हणतात. रविवारी दोन्ही मापांचे करून बघू.

भुसावळच्या ताई, एक राहिलं. पुठ्ठ्याचे डबे तुम्ही कुठून घेता, आणि कमीत कमी किती घ्यावे लागतात?