शब्दचर्चा: 'पॅलिएटिव्ह केअर'ला घरात काय म्हणावं?

विचारणा

आईला सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन धाप लागण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार. विडी-तंबाखूला तिने कधी हात लावला नाही. चाळीस वर्षं चुलीपुढे बसून भाकऱ्या थापल्या, फुंकणीने जाळ केला, त्याचं हे फळ. आता न्हाणीपासून पलंगापर्यंत येताना तिला दोनदा दम खावा लागतो. परवा डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं, 'उपशामक सेवेसाठी पाठवत आहे.' मामाने ते वाचलं नि तिच्यासमोरच विचारलं, "म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले का?" आई माझ्याकडे बघत राहिली. मला एक शब्द सुचला नाही. उपशामक सेवा म्हणजे पॅलिएटिव्ह केअर, आजाराचा त्रास हलका करणारी सेवा; कोशात 'उपशामक' म्हणजे शमवणारं. घरात बोलता येईल असा शब्द कुणाकडे आहे का?

प्रतिसाद

आधी मूळ शब्दाबद्दल. लॅटिनमध्ये 'पॅलियम' म्हणजे अंगावर पांघरायचा झगा. त्रासावर पांघरूण घालायचं, हा त्यातला भाव. लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणारी संस्था, सुरू केलं. पुढे सत्तरच्या दशकात कॅनडातले सर्जन बाल्फोर माउंट यांनी माँट्रियलच्या रुग्णालयात तसाच विभाग काढला, पण 'हॉस्पिस' हे नाव टाळलं. तिथल्या फ्रेंच बोलणाऱ्यांना तो शब्द निराधारांच्या आश्रयगृहासारखा लागायचा. म्हणून 'पॅलिएटिव्ह केअर'. म्हणजे तुमच्या घरात जे झालं, तेच तिथेही होऊ नये म्हणून हा शब्द आला.

प्रतिसाद

मी नर्स आहे, बरीच वर्षं मल्याळी सहकाऱ्यांबरोबर काम केलं. केरळात याला 'सांत्वन' शब्द लावतात. त्या राज्याने २००८ साली यासाठी धोरणच केलं, नर्सेस घरोघर जातात. संस्कृतात सांत्वन म्हणजे धीर देऊन शांत करणं, आणि मल्याळीत तो अर्थ टिकलाय. मराठीत मात्र आपण सांत्वनाला जातो ते माणूस गेल्यावर. पलंगावरच्या आईच्या कानावर हा शब्द पडू देऊ नका.

मामांना एवढं सांगा: कॅन्सरमध्ये घसरण बहुधा सरळ असते, सीओपीडीत तशी नसते. माणूस अचानक अत्यवस्थ होतो, पुन्हा सावरतो, पण दर वेळी आधीपेक्षा थोडा खाली राहतो. त्यामुळे 'आता शेवट' म्हणून थांबायला जागाच नाही. पंप, औषधं चालू राहतात आणि ही सेवा त्यांच्या जोडीने चालते.

प्रतिसाद

आयुर्वेदात यासाठी नेमकी कल्पना आहे, ती आपण विसरलो याचं मला फार वाईट वाटतं. चरकाने श्वास या विकाराचे, म्हणजे धापेचे, पाच प्रकार सांगितले: महा, ऊर्ध्व, छिन्न, तमक, क्षुद्र. तमकाच्या रोग्याला बसल्यावर बरं वाटतं, असं तिथे लिहिलंय. तमकश्वास म्हणजेच सीओपीडी असं मी म्हणणार नाही, पण तो नवा नसेल तर 'याप्य' आहे, हे महत्त्वाचं. याप्य म्हणजे समूळ जात नाही, पण उपचार चालू असेपर्यंत माणूस तगतो. सुश्रुताने उपमा दिली आहे, पडायला आलेल्या घराला नीट लावलेल्या टेकूची.

त्याच यादीतल्या 'ऊर्ध्व'चा मराठीत 'ऊर्ध्व लागला' झाला. धापेला घरातले इतके घाबरतात त्याचं कारण मला यात दिसतं. आपल्या कानात जोराचा श्वास आणि मरण एकत्र बसले आहेत. 'घरघर लागली'चंही तेच.

प्रतिसाद

मी छातीच्या रुग्णांना व्यायाम शिकवते. माझं सगळं काम 'दम' या फारसी शब्दावर चालतं. दम लागतो तेव्हा दम खायचा, उठण्याआधी दम धरायचा, आणि सगळं दमाने घ्यायचं. आज्यांना यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. पुढे वाकून कोपर उशीवर टेकवायचे, ओठांचा चंबू करून फुंकणीत फुंकल्यासारखा हळू श्वास सोडायचा. हातातला छोटा पंखा नाका-गालांवर धरला तरी धाप कमी जाणवते. रक्तातला ऑक्सिजन ठीक असतानाही धाप लागू शकते, म्हणून दर वेळी सिलिंडर हे उत्तर नसतं. काहींना डॉक्टर अगदी थोड्या मात्रेत मॉर्फिन देतात. ते मनाने देऊ नये आणि नावाला भिऊही नये.

मूळ विचारणा करणारा

'टेकू' वाचला आणि उठून आईकडे गेलो. मामा तिथेच होता. म्हटलं, "डॉक्टरांनी हात टेकले नाहीत, टेकू लावलाय." आईला आमच्या जुन्या घराचा पडवीचा वासा आठवला. आजोबांनी त्याला बाभळीचा टेकू लावला होता आणि त्यावर अकरा पावसाळे निघाले. ती हे सांगत होती तेव्हा मध्ये तीनदा थांबली. मामाने पंखा तिच्या गालाजवळ धरला होता.

बुधवारी त्या विभागात जायचंय. तिने विचारलं, "टेकूवाले कितीला बसतात?"