सोने युरेका काउंटीत, वस्ती एल्कोत : असे का?

रानवाटा :
नमस्कार. माझा पुतण्या खाणकाम अभियांत्रिकीचे शिक्षण पूर्ण करून अमेरिकेतील नेवाडा राज्यात नोकरीस लागत असून त्याची नेमणूक कार्लिन गावाच्या उत्तरेकडील सोन्याच्या खाणीवर झाली आहे. खाण युरेका काउंटीत आहे, पण घर मात्र शेजारच्या एल्को काउंटीत घ्यावे, असे त्याला जो तो सांगतो. त्या निमित्ताने मी थोडी माहिती चाळली आणि चक्रावून गेलो. युरेका काउंटीचे क्षेत्रफळ सुमारे 10,800 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्याहून किंचित अधिकच. परंतु 2020 च्या जनगणनेत तेथे अवघी 1,855 माणसे नोंदली गेली. साताऱ्यात 2011 साली 30 लाख लोक होते. जवळजवळ साठ वर्षे सोने निघत असलेल्या मुलखात वस्ती का वाढली नाही, आणि एवढ्या थोड्या लोकांच्या काउंटीच्या पदरात त्या सोन्यातून नेमके काय पडते, हे जाणकारांनी कृपया उलगडून सांगावे.

खडकवाचक :
पहिले कारण नकाशातच दिसते. ही काउंटी उत्तर-दक्षिण पसरलेला लांबट पट्टा आहे. मुख्यालय असलेले युरेका गाव दक्षिणेच्या टोकाला, महामार्ग 50 वर आहे, आणि सोन्याचा ‘कार्लिन पट्टा’ उत्तरेच्या टोकाला आहे. युरेकाहून कार्लिनपर्यंतचा रस्ता सुमारे 140 किलोमीटरचा असून वाटेत गाव म्हणावे असे काही लागत नाही. याउलट खाणीपासून कार्लिन आणि त्यापुढील एल्को शहर पुष्कळच जवळ आहे, आणि ही दोन्ही गावे एल्को काउंटीत येतात. एल्कोत सुमारे 20 हजार लोकवस्ती, रुग्णालय, महाविद्यालय आणि विमानतळ आहे. खाणीचे कामगार बारा-बारा तासांच्या पाळ्या करतात आणि त्यांना आणण्या-नेण्यासाठी एल्कोहून बसगाड्या सुटतात. शिवाय काउंटीतील बहुतेक जमीन संघराज्य सरकारच्या ताब्यात असल्यामुळे घरे बांधण्याजोगी खासगी जमीन मुळातच तुटपुंजी आहे.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते, आणि ते सोन्याच्या स्वरूपात आहे. कार्लिन पट्ट्यातील खनिजाचा तुकडा हातात घेतला, तर तो करड्या-काळपट चुनखडीसारखा किंवा गाळाच्या खडकासारखा दिसतो. त्यात चकाकणारा कण सापडत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकाखालीसुद्धा नाही. सोन्याचे अतिसूक्ष्म अंश आर्सेनिकयुक्त पायराइटमध्ये, म्हणजे लोह-गंधकाच्या खनिजात, अडकलेले असतात. म्हणूनच जुन्या काळच्या शोधकांच्या परातीला ते कधी लागले नाही. 1961 मध्ये न्यूमाँट कंपनीचे भूवैज्ञानिक जॉन लिव्हरमोर आणि अ‍ॅलन कूप यांनी तपासणी सुरू केली आणि 1965 मध्ये सोन्याची पहिली वीट ओतली गेली. एका टनामागे काही ग्रॅम सोने मिळवायचे, तर अजस्र यंत्रे, सायनाइडची प्रक्रिया आणि खोलवरच्या गंधकयुक्त खनिजासाठी भाजणीच्या भट्ट्या किंवा उच्चदाबाची पात्रे लागतात. घमेले-कुदळ घेऊन येणाऱ्या माणसाला अशा सोन्यात काडीचाही वाटा नसतो. त्यामुळे लोंढा आला नाही आणि लोंढ्यामागून येणारी दुकाने, खानावळी, शाळा हेही आले नाही.

जमाखर्च :
पैशाच्या बाजूबद्दल लिहितो. नेवाडाच्या राज्यघटनेनुसार खनिजांवरील कर हा खाणीच्या निव्वळ उत्पन्नावर, म्हणजे खोदाई, वाहतूक, प्रक्रिया इत्यादी खर्च वजा जाता उरणाऱ्या रकमेवर बसतो आणि त्याला 5 टक्क्यांची मर्यादा आहे. त्यातील स्थानिक मालमत्ताकराच्या दराइतका भाग खाण ज्या काउंटीत आहे तिला मिळतो. उरलेला राज्याकडे जातो. कामगार कोठे राहतो, याचा या वाटणीशी काहीही संबंध नाही. परिणामी युरेकाच्या तिजोरीत लोकसंख्येच्या मानाने भरपूर पैसा येतो, तर त्याच कामगारांच्या मुलांच्या शाळा, रस्ते आणि पोलीस यांचा भार एल्को वाहते. नेवाडात वैयक्तिक प्राप्तिकर नसल्यामुळे ही तफावत पगाराच्या मार्गानेही भरून निघत नाही. एल्कोकरांना हे खुपत असल्यास मला नवल वाटणार नाही.

मात्र युरेकाला हेवा वाटण्यासारखे सुख लाभले आहे, असेही समजू नये. कर निव्वळ उत्पन्नावर असल्यामुळे सोन्याचा भाव पडला किंवा खोदाईचा खर्च वाढला, की काउंटीचा अर्थसंकल्प डळमळतो. 2021 च्या कायद्याने सोन्या-चांदीच्या 2 कोटी डॉलरवरील ढोबळ महसुलावर वेगळा कर बसवला, पण तो राज्याच्या शिक्षणनिधीसाठी आहे. आणि 1872 च्या संघराज्यीय खाणकायद्यात सार्वजनिक जमिनीवरील सोन्यासाठी स्वामित्वशुल्काची तरतूदच नाही, हे आपल्याकडच्या वाचकांना पचायला जड जाते.

जुनी दप्तरे :
खडकवाचक यांच्या मुद्द्याला एक भर घालतो. ज्या खनिजाने लोंढा आणला, तेही याच काउंटीत होते. युरेका गावाजवळ 1864 मध्ये चांदीमिश्रित शिसे सापडले, 1873 मध्ये काउंटी स्थापन झाली आणि 1875 मध्ये पॅलिसेडपर्यंत अरुंद रुळांची रेल्वे आली. त्या दशकाच्या अखेरीस गावात कित्येक हजार माणसे होती, म्हणजे आज साऱ्या काउंटीत आहेत त्यांच्या अनेकपट. धातू गाळणाऱ्या भट्ट्यांना लाकडी कोळसा लागे. तो पुरवणारे बहुतांश इटालियन आणि इटालियन भाषिक स्विस कोळसेवाले होते आणि त्यांच्या कामापायी आसपासचे डोंगर मैलोन्‌मैल उघडे पडले. कोळशाच्या भावाच्या वादातून 1879 मध्ये फिश क्रीक येथे शेरीफच्या (काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या) माणसांनी त्यांपैकी पाच जणांना ठार केले. पुढे खोल विवरांत पाणी भरू लागले, चांगले खनिज संपत आले आणि 1890 च्या सुमारास प्रमुख भट्ट्या विझल्या. मागे राहिले ते 1880 चे ऑपेरा हाऊस, न्यायालयाची इमारत आणि अंगणांच्या मातीत मुरलेले शिसे व आर्सेनिक. ती माती काढण्याचे काम संघराज्याच्या पर्यावरण संस्थेला थेट गेल्या दशकात हाती घ्यावे लागले. आणि हे सारे वेस्टर्न शोशोनी या मूळ रहिवाशांच्या भूमीवर घडले, ज्यांच्याशी 1863 मध्ये रूबी व्हॅलीचा तह झाला होता.

रानवाटा :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक उपप्रश्न विचारतो. खाणी बाजूला ठेवल्या, तर काउंटीतील ही 1,855 माणसे उपजीविकेसाठी काय करतात? आणि इतक्या कोरड्या प्रदेशात शेती कशी होते?

पाटपाणी :
गुरेपालन सर्वत्र आहे. पण खरी शेती युरेका गावाच्या उत्तरेकडील डायमंड व्हॅलीत आहे. तेथे 1960 च्या दशकापासून विहिरींच्या पाण्यावर, गोल फिरणाऱ्या तुषार सिंचन यंत्रांखाली लसूणघास आणि टिमोथी गवत पिकवले जाते. अडचण अशी की, खोऱ्यात वर्षाला सुमारे 30 हजार एकर-फूट (एक एकर-फूट म्हणजे एका एकरावर एक फूट उंच साठेल इतके पाणी) इतकेच पाणी शाश्वतपणे उपसता येते, आणि राज्याने पूर्वी देऊन ठेवलेले सिंचनाचे हक्क त्याच्या चौपटीहून अधिक आहेत. पाणीपातळी वर्षानुवर्षे खालावत गेली, तेव्हा 2015 मध्ये हे खोरे राज्यातील पहिले ‘गंभीर व्यवस्थापन क्षेत्र’ ठरले. ‘आधी आलेल्याला आधी पाणी’ हा तेथील जुना नियम काटेकोरपणे लावला असता, तर नंतरच्या अनेक शेतकऱ्यांचे पंप साफ बंद पडले असते. त्याऐवजी बहुसंख्य हक्कधारकांनी 35 वर्षांत उपसा टप्प्याटप्प्याने घटवण्याची योजना आखली. ज्येष्ठ हक्कधारकांपैकी काहींनी तिला आव्हान दिले. 2022 मध्ये नेवाडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती योजना ग्राह्य धरली.

याच पाण्यापायी काउंटी एका खाणीच्या विरोधात न्यायालयातही गेली. माउंट होप येथील मॉलिब्डेनम या धातूच्या खाणप्रकल्पाला शेजारच्या कोबे व्हॅलीतून पाणी उपसण्याची परवानगी, पाण्याचे हक्क ठरवणाऱ्या राज्याच्या अभियंत्याने दिली होती. जुन्या हक्कधारकांच्या नुकसानीची भरपाई कशी होणार, हे न ठरवताच ती दिल्याच्या कारणावरून 2015 मध्ये नेवाडाच्या सर्वोच्च न्यायालयाने काउंटीच्या बाजूने निकाल दिला. प्रकल्पाच्या कंपनीने 2020 मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला. खाणीच्या करावर चालणारी काउंटी खाणीला आडवी जाते, हे विचित्र वाटेल. परंतु तिचे मतदार एल्कोत राहणारे कामगार नसून बहुतांशी दक्षिणेकडचे शेतकरी आणि पशुपालक आहेत, हे लक्षात घेतले की त्यात विचित्र काही उरत नाही.

आपल्या पुतण्याच्या खाणीचा डायमंड व्हॅलीशी संबंध नाही. ते खोरे वेगळे आहे. त्याने घर एल्कोतच पाहावे.