शब्दचर्चा : सोंग की ढोंग? मंगळवारच्या कुस्तीला मराठीत काय म्हणावे

बोरीकाठ (अमळनेर)

दर मंगळवारी सकाळी आमच्या घरी ‘रॉ’ लागते, म्हणजे निकाल आधी ठरवून कुस्तीचे प्रयोग करणाऱ्या डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी कंपनीचा कार्यक्रम. अमेरिकेत तो सोमवार रात्रीचा कार्यक्रम असल्यामुळे आपल्याकडे तो उजाडता उजाडता येतो; पूर्वी क्रीडा वाहिनीवर पाहत असू, एप्रिल २०२५ पासून नेटफ्लिक्सवर पाहतो. माझ्या शेजारी खाटेवर आजोबा बसलेले असतात. तरुणपणी त्यांनी यात्रांमधून कुस्त्या केल्या असून त्यांचा उजवा कान त्या दिवसांत मुडपला तो आजतागायत तसाच आहे. परवाच्या मंगळवारी एक मल्ल कोपऱ्यातल्या खांबावरून उडी घ्यायला गेला, नेम चुकून पाठीवर आदळला आणि कंबर धरून लोळू लागला. आजोबा म्हणाले, “काय सोंग करी ऱ्हायना रे तो!” मग तेच पडणे दुसऱ्या बाजूने सावकाश दाखवले. तेव्हा बशीतला चहा तसाच हातात धरून ते थोडे पुढे वाकले आणि म्हणाले, “पन लागनं व्हई त्याले.” (पण त्याला लागले असेल.)

ही दोन वाक्ये एकाच माणसाने अर्ध्या मिनिटात उच्चारली, आणि मला त्यांत कोठेही विसंगती वाटली नाही. म्हणून हा प्रश्न.

या खेळाच्या जाणकारांमध्ये ‘केफेब’ असा एक शब्द चालतो. मल्ल, पंच, निवेदक, एवढेच नव्हे तर रिंगभोवतीचे सुरक्षारक्षकसुद्धा, समोर घडते आहे ते सारे खरेच आहे अशा रीतीने वागतात, त्या परस्परसंमत वागण्याला केफेब म्हणतात. मराठीत याला काय म्हणावे? ‘खोटी कुस्ती’, ‘फिक्स’, ‘नुरा कुस्ती’, ‘नाटक’ आणि ‘ढोंग’ हे शब्द मी आजवर ऐकले आहेत. यांपैकी एकही मला पटत नाही. आजोबांच्या तोंडी सहज आलेला ‘सोंग’ मात्र मनात घर करून बसला आहे. जाणकारांनी मत द्यावे.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

‘नुरा कुस्ती’ इतक्या सहजपणे बाद करू नये. निकाल आधी ठरवून केलेली लढत, हा त्या शब्दाचा अर्थ असून दोन राजकीय पक्षांच्या लटक्या भांडणासाठी वर्तमानपत्रे तो वापरतात, त्यामुळे वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. शिवाय तो कुस्तीतलाच शब्द आहे. आपल्याच तालुक्यातील सायगावच्या विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ आणि २०१६ असे सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरीचा किताब मिळवला. त्या कुस्त्या पाहिलेल्या माणसाला मंगळवारचा प्रकार दाखवला, तर त्याच्या तोंडी ‘नुरा’ याखेरीज दुसरा कोणता शब्द येईल?

डोंगरपट्टा (पिंपळनेर)

ताई, आपल्या आजोबांचा शब्द अचूक आहे, आणि तो त्यांना कोठून सुचला असावा याचा मला थोडासा अंदाज आहे.

मी शिक्षक असून नोकरीची बरीच वर्षे साक्री तालुक्याच्या पश्चिमेकडील गावांत काढली. तिकडे उन्हाळ्याच्या आरंभी भोवाडा होतो. काही ठिकाणी त्यास बोहाडा असेही म्हणतात. रात्री गावाच्या मोकळ्या जागेत लोक दुतर्फा बसतात. कोणते सोंग येणार हे आधी पुकारले जाते, मग संबळ आणि पिपाणीचा सूर बदलतो, मशालीच्या उजेडात लाकडाचा किंवा कागदाच्या लगद्याचा भला मोठा मुखवटा बांधलेला माणूस दुरून नाचत नाचत येतो, आणि तो गणपती आहे की राक्षस हे मुखवटा दिसण्याआधी वाद्यांवरूनच बायकामुलांना कळलेले असते. पुढे देवाचे आणि दैत्याचे युद्ध होते. दैत्य पडणार हे सर्वांना ठाऊक असते, तरीही तो अंगावर धावून आला की पुढच्या रांगेतील मुले किंचाळून मागे सरतात. मुखवट्याखाली शेजारच्या घरातील माणूस आहे, हेही त्या मुलांना ठाऊक असते.

आता मंगळवारचा कार्यक्रम आठवून पाहावा. दिवे मंदावतात, ठराविक गाण्याचा पहिला सूर वाजतो, मल्ल अजून पडद्याआडच असतो, तोवर हजारो लोक उभे राहिलेले असतात. हे ‘सोंग निघणे’ आहे. त्यासाठी वेगळा शब्द घडवण्याची मला गरज दिसत नाही.

गिरणाकाठ यांच्या म्हणण्याविषयी एवढेच सांगतो की नुरा कुस्तीत दोन पैलवान मिळून प्रेक्षकाला फसवतात. प्रेक्षकाने इनामासाठी वर्गणी दिलेली असते, कधी पैजही लावलेली असते, आणि आपण खरी कुस्ती पाहत आहोत या समजुतीत तो बसलेला असतो. ‘फिक्स’ या शब्दातही तेच आहे. तेथे फसवणूक हाच गाभा आहे. सोंगात प्रेक्षक फसवला जात नाही, तो सामील असतो. ढोंगी माणसाचे पितळ उघडे पडले की ढोंग संपते. सोंगाचे तसे नाही. मुखवट्याखाली कोण आहे हे गावाला पहिल्या दिवसापासून माहीत असूनही सोंग रात्रभर चालते. ‘सोंगढोंग’ असा जोडशब्द आपण बोलून जातो, त्यामुळे हे दोन शब्द सख्खे भाऊ वाटतात. वस्तुतः त्यांचे एकमेकांशी फारसे पटत नाही.

पारोळेकर (सध्या पुणे)

गुरुजींचे विवेचन आवडले. परंतु व्यवहारात ‘सोंग’ हा शब्द हिणवण्यासाठीच अधिक वापरला जातो, हे नाकारता येणार नाही. शाळेत जायचे नाही म्हणून पोट धरून निजलेल्या मुलाला आई “सोंगं करू नकोस” असेच म्हणते, तेव्हा तिच्या मनात भोवाडा नसतो. अमळनेरच्या आजोबांचे पहिले वाक्यही त्याच सुरातले वाटते. मग हा शब्द त्या मल्लांच्या कलेला न्याय देतो, असे म्हणता येईल काय?

जाता जाता एक गंमत. पुण्यात मी कार्यालयातील मैत्रिणींना सांगितले की आमच्या गावी यात्रेनिमित्त कुस्त्यांची विराट दंगल असते. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी उमटली. दंगल म्हणजे जाळपोळ आणि संचारबंदी, एवढाच अर्थ त्यांना माहीत होता. आपल्याकडे भिंतीवर चिकटवलेल्या पत्रकात हा शब्द दरवर्षी ठळक अक्षरांत असतो, हे त्यांना पटवून द्यावे लागले. मात्र ‘रॉयल रम्बल’मध्ये तीस मल्ल एकामागून एक रिंगमध्ये उतरतात आणि वरच्या दोरावरून एकमेकांना बाहेर फेकू पाहतात, तेव्हा दंगल या शब्दाचे खानदेशी आणि पुणेरी असे दोन्ही अर्थ एकदम लागू होतात, असे माझे मत आहे.

बोरीकाठ (अमळनेर)

पारोळेकर, आपला आक्षेप रास्त आहे, आणि आजोबांच्या पहिल्या वाक्यात थोडी हेटाळणी होती हे मी मान्य करते. परंतु ‘सोंग करणे’ आणि ‘सोंग आणणे’ यांत मराठीने फरक ठेवलेला आहे. मुलगा सोंग ‘करतो’. बहुरूपी सोंग ‘आणतो’, आणि चांगला बहुरूपी ते ‘वठवतो’. एकनाथांच्या परंपरेतील सोंगी भारुडात वेष घेऊन उभा राहणारा माणूस कोणाला खोटारडा वाटत नाही. क्रियापद बदलले की त्याच नामाची प्रतिष्ठा बदलते. म्हणून केफेबसाठी नुसते ‘सोंग’ न म्हणता ‘सोंग राखणे’ म्हणावे, असे मला सुचते. मल्लाने सोंग राखले, सोंग मोडले, सोंग उतरवून बोलला. अखेरचा प्रयोग तर जाणकार ज्याला ‘शूट’ म्हणतात त्यास चपखल बसतो, कारण तेथे मल्ल ठरलेले सोडून मनातले बोलतो, किंवा तसे बोलत असल्याचेही सोंग आणतो, आणि त्यातील भेद ओळखण्यात आमच्यासारख्यांचे मंगळवार जातात.

गुरुजींच्या भेदाला एक ऐतिहासिक आधारही देता येईल. एके काळी या क्षेत्रातील माणसे निकाल ठरलेले असतात हे बाहेर कबूल करत नसत. शत्रूच्या भूमिकेतील दोन मल्ल एका गाडीतून प्रवास करतानाही कोणी पाहू नये, अशी दक्षता घेत. पुढे १९८९ साली न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळासमोर डब्ल्यूडब्ल्यूईने, म्हणजे त्या वेळच्या डब्ल्यूडब्ल्यूएफने, आपले प्रयोग म्हणजे क्रीडास्पर्धा नसून करमणूक आहे असे स्वतःच मांडले. कारण मोठे व्यवहारी होते: क्रीडास्पर्धांवरील सरकारी देखरेख आणि शुल्क टळावे. ‘रॉ’ सुरू झाले ११ जानेवारी १९९३ रोजी, म्हणजे या कबुलीनंतर. तेव्हा १९८९ पूर्वीच्या प्रकाराला गिरणाकाठ यांनी खुशाल नुरा म्हणावे, मी हरकत घेणार नाही. त्यानंतरचे मात्र सोंग आहे.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

कबुली करवसुलीच्या भीतीने दिली, हे वाचून समाधान झाले. इतर सर्व सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, असे म्हणतात ते अमेरिकेतही खरे ठरले. नुरा मागे घेतो.

आता दुसरा शब्द घ्यावा. मार खाणारा मल्ल तो मार प्रेक्षकांना पटेल अशा रीतीने दाखवतो, त्याला ते लोक ‘सेलिंग’ म्हणतात, म्हणजे शब्दशः विकणे. ‘मार विकला’ असे मराठीत म्हटले तर हसे होईल. ‘विव्हळणे’ अपुरे आहे, आणि ‘कळ काढणे’ तर उलट्याच अर्थाचे होईल. काय म्हणावे?

डोंगरपट्टा (पिंपळनेर)

‘मार वठवणे’. ताईंनी वठवण्याचा उल्लेख केलाच आहे.

पारोळेकर (सध्या पुणे)

‘मार वठवणे’ मान्य. पण त्याच्या जोडीला ‘लागणे’ हा शब्दही नोंदवून ठेवावा, कारण आजोबांचे दुसरे वाक्य विसरून चालणार नाही. ती रिंग म्हणजे गादी आहे असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात लोखंडी तुळयांवर लाकडी फळ्या, त्यांवर फोमचा पातळ थर आणि वर ताणलेले कॅनव्हास, एवढेच असते. आपल्या तालमीतल्या हौद्यातील माती तेल, ताक, हळद घालून मळलेली आणि खणून भुसभुशीत केलेली असते. ती पडणाऱ्याला थोडे तरी पोटात घेते. फळी घेत नाही. निकाल ठरलेला असला तरी पाठ त्याचीच असते. ‘त्याने मार वठवला’ आणि ‘त्याला लागले’ ही दोन्ही वाक्ये एकाच पडण्याविषयी एकाच वेळी खरी असू शकतात, आणि ज्याने स्वतः माती अंगाला लावली आहे त्याला हे अर्ध्या मिनिटात दिसले.

माझाही एक प्रश्न आहे. १ मार्च २०२५ रोजी टोरांटोत जॉन सीना या मल्लाने कोडी रोड्स या दुसऱ्या मल्लाला मिठी मारली आणि त्याच मिठीतून त्याच्यावर वार केला. वीस वर्षांहून अधिक काळ सज्जनाचे सोंग वठवणारा माणूस दुर्जन झाला. याला ‘हील टर्न’ म्हणतात. मराठी निवेदक असता तर काय म्हणाला असता?

बोरीकाठ (अमळनेर)

तो ‘उलटला’ म्हणावे. आपल्याकडे पाळलेले जनावर उलटते, जिवाभावाचा माणूस उलटतो. मुळात वैरी असलेला उलटत नाही. विश्वासाची अट त्या क्रियापदातच आहे. ‘फितूर झाला’ म्हणण्यासाठी पलीकडे दुसऱ्या कोणाचा तरी गोट लागतो. त्या रात्री रॉक हा मल्ल पलीकडे उभा होता, त्यामुळे तो शब्दही अगदीच चुकीचा नाही, पण पुढील आठवड्यांत सीना बोलला तो गोटाविषयी नव्हे. १७ मार्चच्या ‘रॉ’मध्ये, ब्रुसेल्स येथे, तो प्रेक्षकांनाच दोष देत राहिला. तो आमच्यावर उलटला होता. ‘पलटी मारली’ हा प्रयोग मात्र मी टाळेन. तो निवडणुकीच्या हंगामात इतका झिजला आहे की त्यातून आता कोणाला धक्का बसत नाही.

त्या वेळी प्रेक्षकांनी जे केले त्याला मराठीत फार सुंदर शब्द आहे: हुर्यो उडवणे. जाणकार ज्याला ‘हीट’ म्हणतात ती हीच. दुष्टाच्या सोंगाला हुर्यो म्हणजे दाद असते, आणि सीनासाठी त्या दिवशी उडालेला हुर्यो त्याच्या आजवरच्या टाळ्यांपेक्षा कमी मोलाचा नव्हता.

डोंगरपट्टा (पिंपळनेर)

दोन मल्ल हातात माईक घेऊन एकमेकांना बोलतात त्यास सवाल-जवाब म्हणावे. वहीगायनाच्या, म्हणजे आपल्या खानदेशी लोकगायनाच्या, फडात कलगीवाले आणि तुरेवाले हेच करतात. आणि रोमन रेन्स या मल्लाचा सल्लागार पॉल हेमन स्वतःला ‘वाइजमन’ म्हणवून घेत असे, त्याचे भाषांतर ‘शहाणा माणूस’ असे कृपया कोणी करू नये. तो कारभारी आहे.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

कारभारी उत्तम. आता निकालाचा शब्द राहिला. त्याला ‘चितपट’ म्हणता येईल काय? चित म्हणजे उताणा, आणि तेथेही दोन्ही खांदे टेकवावे लागतात.

बोरीकाठ (अमळनेर)

हा प्रश्न मी आज सकाळी आजोबांनाच विचारला. ते म्हणाले की चितपट म्हणता येणार नाही. “पाठ टेकनी, कुस्ती संपनी. मंग तीन कसाले मोजतस?”

मी सांगितले की पंचाने तीन वेळा हात आपटेपर्यंत खांदे टेकलेले राहिले तरच हार धरतात, आणि सारा खेळ त्या दोन आणि तीनच्या मध्ये असतो. ते काही बोलले नाहीत. म्हणून मी तूर्त ‘तिनावर गेला’ आणि ‘दोनावर सुटला’ असे दोन प्रयोग सुचवते. कोणास याहून बरे सुचल्यास कळवावे.

थोड्या वेळाने शेवटची लढत लागली. आजोबांच्या आवडीचा मल्ल खाली पडला, दुसरा त्याच्यावर आडवा झाला आणि पंचाने पहिला हात आपटला. मी पडद्याकडे पाहत होते. शेजारून हळूच आवाज आला, “उठी तो. दोनवर उठी.”