फेल्टच्या गाड्या (एसटी, रिक्षा, जेसीबी) आणि हाताने केलेली कार्डं: मदत हवीय

नवीनसुई
भाच्याचा दुसरा वाढदिवस जूनमध्ये आहे. गाड्यांचं प्रचंड वेड, रस्त्यात जेसीबी खणताना दिसला की तो तिथून हलतच नाही, मग सगळ्यांनीच उभं राहून बघायचं. प्लास्टिकच्या गाड्या घरात ढीगभर आहेत म्हणून मी ठरवलंय की फेल्टच्या (दाबून केलेल्या मऊ कापडाच्या) करायच्या, तळहाताएवढ्या, फुगीर, एसटी, काळी-पिवळी टॅक्सी, रिक्षा आणि जेसीबी. शिवण येतं, ब्लाउजला काजं-हुक घरीच करते पण फेल्ट कधी वापरलं नाहीये. कुठलं घेऊ, चिकटवू की शिवू, चाकांना बटणं लावली तर छान दिसतील का, आत काय भरू? आणि पार्टीला येणाऱ्या मुलांसाठी (२ ते ६ वर्षं) गाडीचीच कार्डं करायचीत, चाक फिरेल किंवा गाडी सरकेल अशी काही. मैत्रिणी म्हणतायत पुढे ऑर्डर घे, तर त्याबद्दलही कुणाला माहिती असेल तर सांगा प्लीज.

धावदोरा
काजं येतात म्हणजे अर्धं काम झालंय, कारण फेल्टच्या दोन कडा जोडायला ब्लँकेट स्टिच वापरतात आणि तो काजाचाच टाका आहे, फक्त लांब लांब घालायचा. फेल्ट विणलेलं नसतं, तंतू दाबून बसवलेले असतात त्यामुळे कापल्यावर दोरे सुटत नाहीत, कड दुमडायला नको, शिवून उलटं करायला नको, जसं कापलं तसंच जोडायचं. मऊ फेल्ट घ्या, साधारण १ मिमीचं. कडक शीट मिळते ती सपाट वस्तूंना ठीक, भरायच्या खेळण्याला नको, कोपरे बसत नाहीत. पॉलिएस्टरचं घेतलंत तर थंड पाण्यात हाताने धुता येतं, लोकरीचं गरम पाण्यात आटतं. इस्त्री मात्र एकदम कमी आणि वरून सुती कापड टाकूनच.

खिडक्यांसारखे बारीक तुकडे कापताना फेल्ट कात्रीतून सरकतं, त्यावर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे कागदी नमुना पारदर्शक सेलोटेपने फेल्टवर चिकटवायचा आणि टेपसकट कापायचा, कड अगदी स्वच्छ येते. मग आधी एकेका बाजूवर सगळी सजावट शिवून घ्या, खिडक्या, दिवे, चाकं, सगळं, दोन्ही बाजू जोडल्यावर सुई आत घालायला जागा राहत नाही. भरतकामाच्या लडीत सहा पदर असतात, कडेला तीन आणि खिडक्यांना दोन घ्या. फुगवायला उशीचं फायबर, कापूस नको, धुतल्यावर त्याचे गोळे होतात. दोन बोटं जातील एवढं तोंड गाडीच्या पोटाखाली ठेवा आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकाने आधी कोपरे भरा, मधला भाग शेवटी.

गोंदाने चिकटवू नका. फेविकॉल फेल्टमध्ये झिरपून वर डाग दिसतो, आणि दोन वर्षांचं मूल ते तोंडात घालणार, ओढणार, त्यात टाक्याएवढं काही टिकत नाही.

खिडकीचीसीट
शिवणातलं मला फार कळत नाही पण गाडी ओळखू येणं हा माझा विषय 🙂 मुलं एकदोन खुणांवरूनच गाडी ओळखतात, त्या अचूक घ्या, बाकी सगळं सोडून द्या. एसटीला खिडक्यांचे आडवे गज हवेतच (राखाडी दोऱ्याचे सरळ टाके पुरतात), मागे टपावर जायची शिडी आणि समोर गावाची पाटी. पाटी बदलता आली तर मजाच, वर एक छोटी पट्टी तीन बाजूंनी शिवून खिसा करायचा आणि त्यात फेल्टच्या पाट्या सरकवायच्या. एक पाटी पुणे-अहमदनगर नक्की करा, १ जून १९४८ ला पहिली एसटी त्याच मार्गावर धावली, आणि तुमचा वाढदिवस पण जूनचाच. दुसरी 'मामाचा गाव'. मुंबईच्या काळी-पिवळीला फक्त टप पिवळा, बाकी सगळी काळी.

रिक्षा बाजूने केली की दोनच चाकं दिसतात आणि तिसरं कुठंय हे मुलं विचारतातच. म्हणून सपाट दोन बाजू न जोडता मध्ये दोनतीन सेंटीमीटर रुंद पट्टी घाला, मागची दोन चाकं दोन बाजूंना आणि पुढचं नाकाखाली मधोमध. बसतेही मग नीट उभी.

बाळूताई
बटणं नको गं. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्याला सुटे होऊ शकणारे बारीक भाग नसावेत. ते तपासायला ३१.७ मिमी व्यासाची एक नळी वापरतात, त्यात जे मावेल ते घशात अडकायचा धोका. दहाचं नाणं २७ मिमीचं आहे, म्हणजे त्याएवढं मोठं बटणसुद्धा त्यात आरामात मावतं. हलणारे डोळे, मणी, घुंगरू, चुंबक, सगळंच बाद. चाकं फेल्टचीच कर, कडेने दाट टाके घाल आणि मधला नट दोऱ्याने भर. जेसीबीचा हात हलता हवा असेल तर बटणाऐवजी जाड दोरा आरपार तीनचारदा घालून दोन्हीकडे घट्ट गाठ मार. झालं की प्रत्येक तुकडा नखाने धरून जोरात ओढून बघ.

कागदकात्री
कार्डाचं सांगते. २५० जीएसएमचा (चौरस मीटरला २५० ग्रॅम वजनाचा) कार्डपेपर, ए४ अर्धा कापून दुमडला की हातात मावेल एवढं कार्ड होतं. दुमडायच्या आधी संपलेल्या रिफीलने पट्टी धरून घडीची रेघ दाबून घ्या, नाहीतर घडीवर कागद फाटल्यासारखा दिसतो. आणि कागद आधी दोन्ही दिशांनी हलका वाकवून बघा, जिकडे सहज वाकतो तिकडेच घडी घाला.

सरकती गाडी: वरच्या कागदात रस्त्यासारखी लांब फट, ६-७ मिमी रुंद. फटीत सहज बसेल एवढा फोम टेपचा (दोन्हीकडून चिकटणारी जाड स्पंजी टेप) तुकडा, त्याच्या खालून एक रुपयाचं नाणं, वरून दुसरं, म्हणजे दोन नाण्यांच्या मध्ये फट. वरच्या नाण्यावर गाडी चिकटवा. हा कागद मूळ कार्डावर चारी कडांना फोम टेप लावून बसवायचा, म्हणजे खालच्या नाण्याला फिरायला पोकळी मिळते. कार्ड तिरकं केलं की गाडी गडगडत जाते. चढाचा घाट काढला तर अजून भारी. पण ताईंनी वर लिहिलंय तेच इथेही, नाणी आहेत त्यामुळे हे पाचसहा वर्षांच्या मुलांनाच द्या. लहानांना कार्डावर गॅरेजचा खिसा करा आणि त्यात फेल्टची छोटी सपाट गाडी खोचून ठेवा, काढायची-घालायची, त्यांना तेच आवडतं.

सामान पुण्यात असाल तर रविवार पेठेत बोहरी आळीला, मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटला.

नवीनसुई
किती सविस्तर लिहिलंत सगळ्यांनी, खूप खूप आभार! बटणं रद्द. पाटीचा खिसा आणि गॅरेजचं कार्ड नक्की करतेय, नाण्यांचं फक्त मोठ्या तिघांना. ऑर्डरचं कुणी सांगेल का?

बाळूताई
भेट द्यायला काही अडचण नाही. विकायचं म्हटलं की १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी केलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या वस्तूंना त्यातून सूट आहे, तेव्हा आधी त्या नोंदणीची चौकशी कर आणि मगच ऑर्डर घे. नुसती कागदी कार्डं खेळण्यात मोडत नाहीत, ती तोवर विकायला सुरुवात करता येईल. भाच्याच्या एसटीचा फोटो टाक इथे.