सावंतवाडीहून निफाडला बदली: थंडी, सपाटी आणि सामान, सल्ला हवा

तळकोकणी_भटक्या
नमस्कार मंडळी. नोव्हेंबरात सावंतवाडीहून निफाडला बदली आहे, निदान तीन वर्षं मुक्काम. इकडे आंबोली, मनोहर-मनसंतोषगड, ओढ्यात डुंबणं, गळ टाकून बसणं आणि रविवारची सायकल असा कार्यक्रम असतो. सामानातलं काय न्यावं, काय विकावं? सध्या आहे ते: १५ अंशांची स्लीपिंग बॅग, हवा भरायची मॅट, ब्युटेनच्या डब्यावरचा स्टोव्ह, मऊ रबरी तळव्याचे बूट, ३५ मिमी टायरची सायकल, फुगवायची कयाक. निफाडच्या पाऱ्याच्या बातम्या वाचून जाड डाऊन (पिसं भरलेलं) जॅकेट घ्यायचं मनात आहे.

सातमाळा_भटकंती
जॅकेटचे पैसे वाचवा, स्लीपिंग बॅगवर घाला.

निफाडची थंडी रात्रीची आणि पहाटेची. थंडीच्या लाटेत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा ५ अंशांच्या आसपास, कधी त्याहूनही खाली जातो, पण त्याच दिवशी दुपारी २६-२८ अंश असतात. हवा कोरडी, आकाश निरभ्र आणि जमीन सपाट. सूर्य मावळला की जमिनीची उष्णता भराभर वर निघून जाते आणि गार हवा जड म्हणून सखल भागात साचते. त्यामुळे नदीकाठ आणि ओढ्याचा खोलगा इथे सगळ्यात गार. कोकणात वर चढलं की गार लागतं. इथे वारा नसलेल्या रात्री टेकाडावर खालच्यापेक्षा दोन-चार अंश जास्त मिळतात. मुक्काम पाण्यापासून दहा-पंधरा मीटर उंचीवर टाका, जमलं तर झाडाखाली. डोक्यावर फांद्या असल्या की उष्णता कमी निसटते आणि दवही कमी पडतं. फक्त बाभूळ टाळा, काटे जमिनीभर असतात.

बॅग घेताना लेबलवर तीन आकडे दिसतील: कम्फर्ट (आरामात झोप लागेल ते तापमान), लिमिट (कशीबशी झोप लागेल ते), एक्स्ट्रीम (फक्त जीव वाचेल ते). दुकानदार नेहमी लिमिट सांगतो. तुम्ही कम्फर्ट बघा, ५ अंश किंवा खालचा. १५वाली विकू नका, मार्च ते मेच्या रात्रींना तीच लागेल.

हवेची मॅट घरीच ठेवा, एका काट्यात संपते. १० मिमी जाडीच्या साध्या फोम मॅट दोन, एकावर एक. अंगाखाली दबलेलं अस्तर ऊब देत नाही, त्यामुळे बॅग कितीही भारी असली तरी खालून गारठा येणारच.

अंगावर तीन थर पुरतात: आत घाम शोषून न ठेवणारा टीशर्ट, त्यावर पातळ फ्लीस, वरून वारा अडवणारं पातळ जाकीट. कानटोपी हवीच. सकाळी दहाच्या आत दोन थर पाठपिशवीत जातात, म्हणून पिशवीत तेवढी जागा ठेवा. तंबूची वरची झडप थंडी वाजते म्हणून बंद करू नका. श्वासातल्या वाफेचे आत गार होऊन थेंब होतात आणि पहाटे बॅग ओली.

पाटकडेची_सायकल
सायकलीबद्दल. ३५ मिमी डांबरी रस्त्याला ठीक, पण इथली खरी मजा पाटाच्या कडेच्या मुरमाड रस्त्यांवर आहे. फ्रेममध्ये जागा असेल तर ४० मिमी टाका. ट्यूब असेल आणि वजन सत्तरच्या घरात असेल तर हवेचा दाब ३५ ते ४० पीएसआय.

पण आधी सराट्यांचा (गोखरूच्या काटेरी फळांचा) बंदोबस्त. पावसाळ्यानंतर रस्त्याच्या कडेला सराटे सुकून पडतात. सायकल कडेला उतरवली की एका टायरमध्ये सहा-सात सहज. व्हॉल्व्हचा गाभा निघणारी ट्यूब घ्या आणि प्रत्येकीत ६० मिली सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव) भरा. काटा दिसला तरी रस्त्यात उपटू नका, तोच भोक धरून असतो. घरी आल्यावर उपटा, लगेच चाक फिरवा आणि ते भोक खाली येईल असं ठेवा. ट्यूब बदलायची वेळ आलीच तर टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. मोडलेली टोकं बोटाला लागत नाहीत, कापूस मात्र अडकतो. हे न केल्यामुळेच नवी ट्यूब शंभर मीटरवर बसते.

पावसात काळ्या मातीच्या शिवाररस्त्यावर सायकल नेऊच नका. चिखल टायर आणि फ्रेमच्या मध्ये भरतो आणि चाक फिरायचं थांबतं. मग खांद्यावर.

दुसरं, अंधारात मोठे रस्ते टाळा. कारखाने सुरू झाले की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, शिवाय लासलगावकडे निघालेला कांदा. बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो आणि ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो. हिवाळ्यात जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, येताना वारा पाठीवर घ्या. सपाटीवर उतार नसल्याने पायाला विसावा नाही, हे घाटात सायकल चालवणाऱ्याला पहिल्या महिन्यात जड जातं.

घाटवाट४२२
ट्यूबलेस का सांगत नाही भाऊ?

पाटकडेची_सायकल
रिम ट्यूबलेसची असेल तर जरूर, ४० मिमीला ८०-९० मिली. पण इथल्या उन्हाळ्यात सीलंट लवकर सुकतं. मार्च ते जून दर दोन महिन्यांनी उघडून बघायचा कंटाळा असेल तर ट्यूबच बरी.

नांदूर_पाणपक्षी
नमस्कार दादा. कयाक आणि गळ दोन्ही नांदूर मध्यमेश्वरला चालणार नाहीत. ते अभयारण्य आहे, आणि २०२० मध्ये जाहीर झालेलं महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा). आत मुक्कामही नाही. कयाकसाठी गंगापूर धरणाच्या बोट क्लबवर चौकशी करा. इतर जलाशयांवर गळ टाकण्याआधी मासेमारीचा ठेका कुणाचा आहे ते गावात विचारा.

त्याऐवजी ८×४२ची दुर्बीण घ्या. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथलं पाणी उथळ आणि पसरट आहे, पक्षी लांब बसतात. १०× हातात थरथरते, पहाटेच्या गारठ्यात तर जास्तच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हंगाम. थापट्या, तलवार बदक, पट्टकादंब दिसतात. चापडगावला मनोरा आहे आणि स्थानिक गाईडही मिळतात. सूर्य पाठीशी राहील अशी जागा धरा. धुकं असेल तर नऊपर्यंत काही दिसत नाही, घाई करून उपयोग नाही.

तळकोकणी_भटक्या
मंडळी, मोठीच मदत. नकाशावर सगळीकडे निळी चौकोनी शेततळी दिसतायत. मालकाला विचारून पोहलं तर चालेल ना?

सातमाळा_भटकंती
नाही. कितीही पट्टीचे पोहणारे असाल तरी नाही.

शेततळ्याला प्लास्टिकचं अस्तर असतं. बाजू उताराच्या, त्यावर शेवाळ धरतं. आत उतरता येतं, वर येता येत नाही. हाताला धरायला काही नसतं, माणूस त्याच उतारावर घसरत दमतो आणि बुडतो. वाचवायला उडी मारणाराही तसाच जातो. कुणी पडलेलं दिसलं तर दोर, नळी किंवा ठिबकची लांब लॅटरल फेका, टोक काठावर बांधून. स्वतः उतरू नका. पाटाचंही तेच. अस्तर केलेल्या भागात कडा सरळ आणि गुळगुळीत असतात, आणि आवर्तन (धरणातून पाटाला सोडलेलं पाणी) सुटलं की पाण्याचा जोर भलताच वाढतो.

पिण्याच्या पाण्याचीही सवय बदलावी लागेल. आंबोलीच्या झऱ्याला फिल्टर लावला की झालं. इथे पाट-नाल्यात द्राक्षबागांची फवारणी उतरते, ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर (फळ धरण्यासाठीच्या छाटणीनंतर) तर सतत. पोकळ तंतूंचा फिल्टर जंतू अडवतो, कीटकनाशक नाही. उकळूनही ते जात नाही. वस्तीवरून भरून घ्या, माणशी तीन लिटर.

नांदूर_पाणपक्षी
उसाजवळ तंबू नको हेही लिहा कुणीतरी. या पट्ट्यात बिबटे उसातच राहतात, तोडणी सुरू झाली की जागा बदलतात. सांजसकाळ उसाच्या कडेने चालताना मोठ्याने बोलत चला, वाकून किंवा उकिडवं बसू नका, सोबत कुत्रं नको. फडात पिल्लं दिसली तर हात न लावता मागे फिरा आणि वनविभागाला १९२६वर कळवा.

घाटवाट४२२
बूट राहिले. मऊ तळवा ओल्या कातळाला उत्तम, तो इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसाळी भटकंतीसाठी ठेवा. रेनकोटही विकू नका. निफाडला वर्षाला पाचशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस, पण तुम्ही पावसाळ्यात घरी थोडेच बसणार.

सातमाळा रांगेला मात्र घसारा आहे. सुकलेला मुरूम, खाली गोट्या. तिथे खोल खाचांचा कडक तळवा लागतो आणि उतरताना टाच रोवायची. एक काठी ठेवा. पहिल्यांदा मनमाड-येवला रस्त्याजवळचे अंकाई-टंकाई करा, सोपे आहेत. मग चांदवड, इंद्राई, आणि पाय तयार झाले की हट्टी गावातून धोडप. साल्हेर (१५६७ मीटर, राज्यातला सर्वांत उंच किल्ला) बागलाणात, त्याला मुक्कामाचा बेत करा. उघडे डोंगर आहेत, सावली नाही. हिवाळ्यातही सहाला पायथा सोडा. मार्चनंतर दहाच्या आत खाली.

तळकोकणी_भटक्या
स्टोव्हचं काय? डबे दहा-बारा शिल्लक आहेत.

सातमाळा_भटकंती
शुद्ध ब्युटेन शून्याच्या किंचित खाली उकळतं. ५ अंशांना दाब आधीच कमी, त्यात जळताना डबा स्वतःच गार होत जातो. पाच मिनिटांत ज्योत मंदावते आणि तुम्हाला वाटतं गॅस संपला. रात्री डबा बॅगेत पायाशी घेऊन झोपा. सकाळी तो उथळ ताटलीत कोमट पाण्यात ठेवून पेटवा. गरम पाण्यात नको, आणि ज्योतीभोवती डब्यासकट आडोसा तर अजिबात नको. रोज पहाटे चहा लागत असेल तर आयसोब्युटेन-प्रोपेनचं मिश्रण घ्या, त्याचा स्टोव्ह आट्यांच्या (फिरवून बसवायच्या) डब्याचा असतो, तुमचा बसणार नाही.

ते दहा-बारा डबे मात्र तिकडेच संपवा किंवा मित्रांना द्या. रेल्वेत ज्वालाग्राही वस्तू न्यायला मनाई आहे. सामानाच्या ट्रकमध्ये गाद्यांखाली दडवायचं तर नावही काढू नका.