नदीमुखावरची वीज: पडद्यांवर पैसा लावावा का?

निळाई:
नदी समुद्राला मिळते तिथे रात्रंदिवस ऊर्जा वाया जाते आणि आपण ढुंकूनही बघत नाही, याची मला फार चुटपुट लागते. एक घनमीटर गोडं पाणी तेवढ्याच समुद्राच्या पाण्यात मिसळलं तर सिद्धांताप्रमाणे सुमारे १.४ मेगाज्यूल ऊर्जा मोकळी होते. तेच पाणी १४० मीटरवरून पडावं एवढी. ती पकडायची वाट ब्रिटिश शास्त्रज्ञ पॅटल यांनी १९५४ मध्ये दाखवली. मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे विद्युतभार असलेले कण, म्हणजे आयन, होतात. एक पातळ पडदा फक्त धन आयन पलीकडे जाऊ देतो, दुसरा फक्त ऋण. असे पडदे आळीपाळीने रचून मधल्या फटींतून एकाआड एक खारं-गोडं पाणी सोडलं, की सोडियम एकीकडे, क्लोराइड दुसरीकडे सरकतं आणि टोकांच्या इलेक्ट्रोडवर वीज मिळते. ना धूर, ना ऊन-वाऱ्याची वाट बघणं. यात जोमाने पैसा घालायला हवा.

हिशेबी:
पडद्यांचा हिशेब मांडा. नदी-समुद्राच्या पाण्यावर चौरस मीटरमागे साधारण एक वॅट. म्हणजे एक मेगावॅटला चौरस किलोमीटरभर पडदा! नॉर्वेत स्टाटक्राफ्ट या सरकारी वीज कंपनीने टोफ्टेला २००९ मध्ये असा प्रकल्प उघडला आणि काही वर्षांतच गुंडाळला.

निळाई:
तो परासरणाच्या, म्हणजे गोडं पाणी पडद्यातून खाऱ्याकडे ओढलं जाताना तयार होणाऱ्या, दाबावर टर्बाइन फिरवणारा होता. तिथे पडद्यातून पाणी जातं, इथे आयन. नेदरलँड्समध्ये आफ्सलाउटडाइक बंधाऱ्याच्या एका अंगाला गोडं सरोवर, दुसऱ्या अंगाला खारा समुद्र. तिथे २०१४ मध्ये आयन पडद्यांचा पथदर्शी प्रकल्प सुरू झाला.

हिशेबी:
५० किलोवॅट क्षमतेचा. पथदर्शीच.

मचूळ:
मी प्रयोगशाळेत पडद्यांच्या दहा जोड्यांचा स्टॅक, म्हणजे रचलेला संच, चालवलाय. शुद्ध पाण्यात मीठ विरघळवून सोडलं तेव्हा मीटरवर जवळपास दीड व्होल्ट दिसला, आनंदाने ओरडलोच. लोड, म्हणजे वीज वापरणारं उपकरण, जोडला आणि व्होल्टेज बसला, कारण गोड्या पाण्यातून विजेचा प्रवाह जाताना रोध फार. मग खरं नदीचं पाणी लावलं. तिसऱ्या आठवड्यात स्टॅक उघडला तर पडद्यांमधल्या फटी राखणाऱ्या जाळ्यांत बोटाने ओढून काढावा असा तपकिरी चिकटा, आणि ऋण आयनांचे पडदे पिवळट पडलेले. पाण्यातलं मॅग्नेशियम, सल्फेट व्होल्टेज खातं ते वेगळंच. फटी बुजल्या की पंपच जास्त वीज ओढतो. माझ्या मते अडचण इथे आहे, पडद्याच्या किमतीआधी.

हिशेबी:
गाळण नीट करायची तर तीही वीज मागते. मग हातात उरलं काय?

निळाई:
नदीमुखाबद्दल तुमचं म्हणणं मान्य करते. पण समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या निःक्षारीकरण प्रकल्पातून समुद्राच्या जवळपास दुप्पट खारं पाणी बाहेर पडतं. त्याला प्रक्रिया केलेलं सांडपाणी जोडा, खारेपणातला फरक वाढतो. जपानमध्ये फुकुओकाला २०२५ मध्ये हीच जोडी वापरणारं केंद्र सुरू झालं, दाबाच्या पद्धतीचं असलं तरी.

हिशेबी:
प्रक्रिया केलेलं पाणी खारं करून समुद्रात सोडायचं? टंचाईच्या जागी ते पुन्हा वापरात येतं. तिथे मी विजेपेक्षा पाणी निवडेन.

मचूळ:
गोडं पाणी लागतंच असं नाही. सिसिलीत मार्सालाच्या मिठागरांवर मिठागराचं घट्ट खारं पाणी आणि विहिरीचं मचूळ पाणी लावून स्टॅक चालवलाय. मचूळ पाण्याचा रोध कमी, आणि ते कुणी प्यायला नेत नाही. मी पैसा आधी तिथे लावेन.

हिशेबी:
हे पटण्यासारखं आहे. पडदे न उघडता किती महिने चालतात, तेवढं मोजून दाखवा.